पोटाला उपासाची शिक्षा

फार मागं भिकोबा पेढेवाल्याचा सदरा त्याच्या अंगात शिरेना, तेव्हा गुडघे पोटावर खेकसले, "खातंस तू आणि ओझं आम्हाला!" वर बसलेल्या मेंदूनं निवाडा दिला, पोटाला आठ दिवस उपास.

उपास सुरू होताच मेंदूच घाबरला. दुष्काळ पडला असं समजून त्यानं अंगातली अन्न जाळणारी आग मंद केली आणि नवव्या दिवशी फर्मावलं, "पोटा, दुप्पट खा!"

सदरा टर्रकन फाटला. गुडघे ओरडले, "या चोर पोटाला पुन्हा उपास!"

चरबी म्हणाली, "अहो, कोठार भरल्याचा निरोप मी रोज वर धाडते. मेंदूदादांना ऐकूच जात नाही."

पोट रडकुंडीला आलं. "तोंडा, दुप्पट खायचा हुकूम कुणाचा, तूच सांग!"

तोंड उघडलं, तेवढ्यात मेंदूनं हाताकडून त्यात पेढा कोंबवला.

तोही पोटानंच चोरला, असं गुडघे अजून सांगतात.