केरबा आण्णांची केबिन

"एकाच माणसापुरती? असं कोण म्हणालं?"

दस्तगीर चाचांनी विचारलं आणि चहाची बशी तोंडाला लावली.

"एका जुन्या पंडितानं लिहून ठेवलंय, चाचा," पाहुणे म्हणाले. "लॅटिनमध्ये कपान्ना म्हणजे रानातली झोपडी. एकच माणूस मावतो म्हणून ते नाव. फ्रेंचांनी त्याचं कबान केलं, इंग्रजांनी केबिन केलं, आणि त्यांच्या जहाजांतून, आगगाड्यांतून शब्द आपल्याकडं आला."

चाचांनी बशी खाली ठेवली.

"एकच मावत होता, तर हा पंडित बघायला कुठं बसला होता?"

मी एवढा हसलो की चहा नाकात गेला. पाहुण्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसा मी चुकून छापला गेलेला शब्द आहे.

आम्ही बसलो होतो तीही केबिनच. खडकसोंड स्टेशनाच्या पुढं, रुळांच्या कडेला, बारा पायऱ्या चढून जायची जुनी सिग्नलची खोली. तीन बाजूंना नुसत्या काचा. आता सिग्नल स्टेशनातल्या बटणांवर पडतात. इथल्या सिग्नल ओढायच्या लोखंडी दांड्यांवर चाचांची लुंगी वाळते. नोकरी संपून वीस वर्षं झाली, तरी चाचा रोज येऊन बसतात. लोक गाऱ्हाणी घेऊन येतात. कुणाचं लग्न मोडलेलं, कुणाची म्हैस हरवलेली. चाचा फार बोलत नाहीत, पण चढताना पायऱ्या मोजत आलेला माणूस उतरताना मोजायचं विसरतो. मी कशाला येतो? मला घरी दुसरा चहा मिळत नाही.

पाहुणे म्हणजे डॉक्टर विश्वंभर पिंगळे. सुई टोचणारे नव्हेत, शब्दांचे डॉक्टर. बाहेरच्या भाषांतून मराठीत आलेल्या शब्दांचा कोश करतात. त्यांचे वडील केरबा आण्णा पस्तीस वर्षं याच केबिनमध्ये होते. चाचांना हे काम आण्णांनीच शिकवलं. म्हणून डॉक्टर खाली रस्त्यावर डॉक्टर, आणि बारावी पायरी चढली की विशू.

खाली मी त्यांना गंभीर तोंड करून सांगितलं होतं, "वर जायला परवानगी लागते साहेब. दारात तीनदा खोकायचं."

एवढे शिकलेले, पण खोकले बिचारे. चाचांनी उठून खोकल्याची गोळी दिली.

"बरं, अर्थ किती सापडले तुला?" चाचा म्हणाले.

विशूनं खिशातून कार्ड काढलं. "पाच. जहाजातली निजायची खोली. विमानात माणसं बसतात ती जागा. ट्रकमध्ये ड्रायव्हर बसतो ती. सिग्नलची, म्हणजे ही. आणि कचेरीत साहेबाची, जिथं विचारल्याशिवाय आत जाता येत नाही."

"तुला आहे का ती पाचवी?"

"आहे ना. विद्यापीठात."

"कोण येतं तिथं?"

विशूनं कार्ड उलटं केलं, सुलटं केलं.

"एसी आहे," तो म्हणाला.

मी तोंड उघडलं. चाचांनी माझ्या हातात बिस्किट दिलं. तोंड बंद.

"आणि कार्डावर खाली जागा सोडलीयस ती?"

"सहावा अर्थ आहे चाचा. पण... लिहवत नाही."

खाली रुळांवर दोन साळुंक्या भांडत होत्या. आम्ही तिघंही तिकडंच बघत बसलो. मग विशू एकदम म्हणाला,

"आण्णा बोलत नाहीत."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. एक शब्द नाही. जेवतात, औषध घेतात, हाक मारली की बघतात. डॉक्टरांना दाखवलं. घसा चांगला, कान चांगले, मेंदूचे फोटो काढले, तेही चांगले. पंच्याऐंशी वर्षांचे आहेत, चाचा. असेच न बोलता गेले तर? मला नुसतं विशू म्हणून हाक मारली तरी..."

 शब्दांचा डॉक्टर, आणि त्याच्याकडंच शब्द संपलेले. मला चेष्टा सुचली होती, मी ती बिस्किटाबरोबर गिळली.

"शब्दासाठी आलो असं सांगून आलो," तो म्हणाला. "खरं तर तुमच्याशी ते बोलतील का, एवढंच विचारायचं होतं."

"दिवाळीला घरात काय झालं?"

"भांडण नाही, काही नाही. उलट मी त्यांची सोय केली. थंडीत गॅलरीत बसायचे, खोकला व्हायचा. म्हणून गॅलरीला खालपासून वरपर्यंत स्क्रूनं प्लायवूड मारून बंद खोली करून दिली. आत पलंग, पंखा, टीव्ही. उशाशी बेल लावली. दाबली की कुणीतरी जातं. मुलं म्हणतात, आजोबांची केबिन."

"बेल वाजवली का कधी त्यानं?"

"नाही."

"खिडकी?"

"ठेवली नाही. रस्त्याची धूळ येते, कबुतरं येतात."

चाचांनी मान हलवली. रागाची नव्हे ती. लेकरानं उलटा सदरा घातल्यावर आपण हलवतो तशी.

"आधी गॅलरीत बसून काय करायचा केरबा?"

"काही नाही. रस्त्याकडं बघायचे. सकाळी मी खाली गाडी काढली की कठड्याला धरून उभे राहायचे. मी कोपऱ्यावर वळेपर्यंत."

"मग?"

"मग काहीतरी पुटपुटायचे, असं बायको सांगते. आणि आत येऊन तिला म्हणायचे, सूनबाई, चहा टाक. मग दिवसभर बोलायचे. फार बोलायचे. आम्ही कंटाळायचो."

"काय पुटपुटायचा?"

"कुणी नीट ऐकलं नाही हो, चाचा."

तेवढ्यात दुपारची पॅसेंजर शिट्टी देत आली.

चाचा उठले. खिडकीशी गेले. दोन्ही हात काचेच्या चौकटीवर ठेवले.

"चाचा, तुम्ही एकदा घरी याल का?" विशूनं विचारलं.

चाचा गप्प.

"मी स्वतः गाडीनं नेतो."

चाचा गप्प. इंजिन खडखडत गेलं. केबिन हलू लागली, बशीवरचा कप नाचू लागला.

"माझं काही चुकलं का चाचा? चुकलं असेल तर तोंडावर सांगा!"

चाचांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. एक डबा, दुसरा डबा, पाचवा, आठवा. विशूचा चेहरा लाल झाला. एवढा मोठा माणूस, त्याला असं कुणी टाळलं नसेल बरीच वर्षं. तो उठायला लागला. मी त्याचा सदरा धरून खाली बसवला. हा चेष्टेचा विषय नव्हता, एवढं मलाही कळतं.

शेवटचा डबा आला. त्याच्या पाठीवरची मोठी पिवळी फुली वळणापर्यंत दिसली, मग झाडात गेली.

चाचांनी हात खाली घेतले.

"पुरी गेली," ते स्वतःशीच म्हणाले. मग वळले. "हां, आता बोल विशू. काय म्हणत होतास?"

विशूनं चष्मा काढला. तो हात हवेतच राहिला.

"काय म्हणालात तुम्ही... आत्ता?"

"पुरी गेली."

"हेच," विशू म्हणाला. "हेच असणार. बायको म्हणायची, आण्णा पुरीचं काहीतरी बोलतात. आम्ही एकदा पुऱ्यासुद्धा केल्या त्यांच्यासाठी."

तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. मी दुसरीकडं बघितलं. मला धुळीचा त्रास आहे.

चाचा त्याच्या शेजारी खालीच बसले.

"माझा पहिला आठवडा होता इथं. एक मालगाडी चाललेली. एक साहेब तपासणीला आलेला, केरबाला काहीतरी विचारत होता. केरबा उत्तरच देईना. साहेब तापला, नोकरी घालवतो म्हणाला. केरबा खिडकीतून हलला नाही. आणि गाडीचं शेपूट काही आलंच नाही. मागच्या चार वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, चढावर तुटून राहिल्या होत्या. मागून दुसरी गाडी सुटायची होती, ती केरबानं थांबवली. मग साहेबाकडं वळून म्हणाला, हां साहेब, आता विचारा."

"मला कधी सांगितलं नाही त्यांनी."

"तू विचारलं नसशील. मला त्या दिवशी एवढंच शिकवलं. दस्तू, शेवटचा डबा डोळ्यांनी बघितल्याशिवाय गाडी गेली म्हणायचं नाही. आणि तोवर कुणाशी बोलायचं नाही. बाप आला तरी नाही."

 साळुंक्या परत रुळांवर आल्या होत्या.

विशूचे ओठ हलत होते. मला वाटलं तो महिने मोजतोय. पण तो एकेक सकाळ मोजत होता बहुतेक.

"मी रोज निघतो," तो हळूच म्हणाला. "खाली गाडी सुरू होते... ते आत ऐकत असतील. वळलेली दिसत नाही."

चाचांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

मग विशूनं डोळे पुसले, चष्मा घातला, पेन काढलं. शिकलेल्या माणसाला काही सुचेनासं झालं की तो पेन काढतो.

"मग कोशात केबिनचा अर्थ काय लिहू, चाचा?"

चाचा उठले. दांड्यांच्या मागची पत्र्याची पेटी उघडली, खालवर केली, आणि लाकडी मुठीचा एक जुना स्क्रू ड्रायव्हर काढला. मुठीवर खिळ्यानं कोरलं होतं, के. पिं.

तो त्यांनी विशूच्या हातात ठेवला. त्याचं पेन घेऊन आपल्या खिशाला लावलं.

विशू मुठीवरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिला. मग वाकून चाचांच्या पाया पडला आणि घाईघाईनं पायऱ्या उतरू लागला. कार्ड इथंच राहिलं. मी हाक मारणार होतो, चाचांनी डोळ्यांनी नको म्हटलं.

खाली त्याची गाडी सुरू झाली, तसे चाचा खिडकीशी जाऊन उभे राहिले. गाडीच्या खिडकीतून विशूनं मान बाहेर काढून वर बघितलं.

"विशू," चाचा म्हणाले, "उद्या कामावर निघशील ना बाळा, जरा हळू निघ."