पूल इथं, नदी तिथं

पाच गावांच्या विकास समितीला स्वतःचा आराखडा करायला अनुदान हवं होतं. तपासणीला आलेले रसाळसाहेब कढीचा भुरका मारून म्हणाले, "आराखडा करणं गावकऱ्यांचं काम नव्हे. तो आम्ही जिल्ह्याला बसून करतो. आमचा नवा पूल बघा!"

"चला की, तुम्हीच दाखवा," समितीच्या अध्यक्ष तारूबाई म्हणाल्या.

साहेबांनी पूल आजवर नकाशातच पाहिला होता. जाऊन बघतात तर होता मात्र देखणा. वर गावाच्या मिरच्या वाळत होत्या, खाली बाभळी माजल्या होत्या आणि नदी लांब टेकडीपलीकडून वाहत होती.



"साहेब, आराखड्याला अनुदान नसेल तर राहू द्या," तारूबाई म्हणाल्या. "नदी पुलाखाली आणायला तरी द्या!"

साहेबांना जोराचा ठसका लागला. अनुदान तिथंच मंजूर झालं.

ठसका मिरच्यांचा होता, असं साहेब अजून सांगतात.