शंभरातली ऐंशी घरं

“चालेल का, बाई? एवढंच सांगा. चालेल की बुडेल?”

टेकडीवरच्या मठाच्या अंगणात तपस्विनी भानुबाई अंबाडीची भाजी निवडत होत्या. उन्मेषच्या प्रश्नावर त्यांनी मान वर केली नाही.

घरोघर बिनतारी इंटरनेट पोचवायचं, असा त्याचा बेत. मठाच्या टेकडीवर खांब रोवायचा, खालच्या चौदा गावांत छपरांवर सिग्नल पकडणाऱ्या थाळ्या बसवायच्या. त्यासाठी शहरातली पक्की नोकरी त्यानं सोडली होती. उद्या यंत्रांच्या करारावर सही. सही झाली आणि गिऱ्हाईक आलं नाही, तर बायकोला घेऊन भावाच्या दारात उभं राहायची पाळी. हे तो बोलला नाही. बोलला ते आकडे.

“मी स्वतः दारोदार फिरलोय, बाई. हायस्पीड इंटरनेट हवं का, असं विचारलं. शंभरातली ऐंशी घरं हो म्हणाली! असा बाजार कुणाला मिळत नाही.”

“मग माझ्याकडं कशाला आलास?”

“तुमचा शब्द हवा.”

“हं… जेवलास?”

“हो, हो. जेवूनच निघालो.”

बाईंनी भाकरीवर ताट उपडं घातलं आणि पुन्हा भाजीला लागल्या.

तेवढ्यात त्याचं पोट गुरगुरलं. चांगलं मोठ्यानं. पहाटेपासून एका चहावर होता बिचारा.

“हे कोण बोललं?” बाईंनी विचारलं.

तो ओशाळला. “संकोच वाटला, बाई.”

“एका म्हातारीपुढं संकोचलास. तू तर गळ्यात ओळखपत्र अडकवून लोकांच्या ओट्यावर बसलास, त्यांचं पाणी प्यालास, आणि मग विचारलंस, हवं का. दारात आलेल्या पाहुण्याला तोंडावर नाही म्हणवतं कुणाला?”

उन्मेषनं पिशवीतले भरून घेतलेले फॉर्म चाचपले.

“मग खरं कळायचं कसं?”

बाईंनी खुंटीवरची झोळी काढून त्याच्या पुढ्यात टाकली.

“पाच घरं. विचारायचं नाही, सांगायचं नाही. नुसतं उभं राहायचं.”

“मी? इंजिनियर माणूस आणि भिक्षा मागू?”

“नको मागू. जा, सही कर.”

उन्मेषनं झोळी उचलली. मग त्यानं गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात घातलं.

पहिल्याच घरी तुकडोबा आप्पा भेटले. फॉर्मात त्यांनी इंटरनेटच्या दोन जोडण्या लिहून दिल्या होत्या. झोळी बघून ते खो खो हसले.

“काय हो खांबवाले! बाईंनी लावलं वाटतं कामाला? आता साहेब नाही राहिलात, तर खरं सांगतो. हो म्हटलं की तुम्ही लवकर उठता. मला रानात जायचं होतं.”

दुसऱ्या घरी पीठ मिळालं. तिसऱ्या घरी, चौथ्या घरी भाकरी. छपरावरच्या थाळीचं नाव कुणी काढलं नाही.

पाचवं घर सरूबाईंचं. ‘आम्हाला काय करायचंय त्याचं’ म्हणून त्यांनी त्याला उंबऱ्यावरूनच परतवलं होतं. आज त्यांनी चतकोर भाकरी झोळीत टाकली, आत गेल्या आणि एक चिठोरं घेऊन आल्या.

“वर चाललाच आहात तर एवढं करा, दादा. टेकडीवर फोन लागतो. इथं खाली मेला लागतच नाही. आधी मी चढून जायची, आता गुडघे चालत नाहीत. लेकीचा नंबर आहे हा. दिवस भरत आलेत तिचे. म्हणावं, आई येतेय, रडत बसू नको…”

एवढं बोलून पदरात तोंड लपवून त्या आत निघून गेल्या.

उन्हं कलता कलता तो टेकडीवर परतला. झोळी बाईंच्या पुढ्यात ठेवली.

“बाई… हो म्हणणाऱ्यांना नको होतं.”

बाईंनी झोळीतल्या भाकरी काढून ताटात ठेवल्या.

“आणि सरूबाईंनी नाही म्हटलं होतं. दिवस भरत आलेल्या लेकीशी बोलायला त्यांना कधीपासून हवं होतं… मला कळलंच नाही.”

वाऱ्यानं अंबाडीच्या काड्या अंगणभर पसरल्या. एका हातानं त्यानं त्या गोळा केल्या. मग हळूच विचारलं,

“मग उद्या सही करू की नको, बाई?”

बाईंनी त्याच्या मुठीकडं पाहिलं. लेकीच्या नंबराचं चिठोरं अजून तिथंच होतं, घामानं भिजलेलं.

“पोर तिकडं वाट बघतेय,” त्या म्हणाल्या, “आणि तू अजून आपलंच विचारतोस.”