ठिपक्याचा थोरला भाऊ

जंगलातल्या दवाखान्यात नवं मशीन आलं, त्या जुन्या काळची गोष्ट. किती चमचे औषध द्यायचं ते मशीनच्या पडद्यावर उमटायचं. पाडसांसाठी ०.५, म्हणजे अर्धा चमचा. पुढे शून्य, मागे त्याचा धाकटा भाऊ ठिपका, शेवटी पाच.

एकदा पाच शून्याला म्हणाला, "सगळे नुसतं 'पॉइंट पाच' म्हणतात. तुझं नाव तरी कोणी घेतं का? फुकट जागा अडवतोस!"

"मग राहा तुम्हीच!" म्हणत शून्य तडक पडद्यावरून उतरला.

"दादा, जाऊ नको ना. एकटा मी कोणाला दिसत नाही रे," ठिपका म्हणाला. शून्याने मागे वळून पाहिलं नाही.

त्याच दुपारी तापाने फणफणलेलं पाडस आलं. अस्वल डॉक्टरांना पडद्यावर फक्त पाच दिसला. पाच चमचे औषध पोटात गेलं. पाडस पुन्हा उठलं नाही. त्याचा भाऊ दारात उभा राहून त्याला हाका मारत राहिला.

त्या हाका ऐकून शून्य धावत आला आणि ठिपक्यापुढे पाय रोवून उभा राहिला.

"आता कोणी ढकललं तरी हलणार नाही," तो म्हणाला. "नसू दे मला किंमत. मी दिसलो की माझ्यामागे माझा भाऊ आहे, एवढं कळलं तरी पुरे."