सगुणाकाकूंचा दाखला आणि भिवाची वेबसाइट

कुठल्याशा गावात एक भोळा कारकून होता. नाव भिवा. भोळा हे तोंडावर म्हणायचे. पाठीमागं काय म्हणायचे ते लिहीत नाही, पोरंबाळं वाचतात.

भिवा ग्रामपंचायतीत संगणकावर बसायचा. तिथली वेबसाइट कुणालाच धड वापरता येईना. त्यात सगुणाकाकूंना मोतीबिंदू. शनिवारी शिबिराची गाडी यायची होती, आणि रहिवासी दाखला असल्याशिवाय ऑपरेशनला नेणार नव्हते. दाखला वेबसाइटवरच मागायचा. काकूंना समोर पडदा आहे की भिंत, हेही कळेना.

सोमवारी ग्रामसेवक भाऊसाहेबांनी भिवाला सांगितलं, अक्षरं मोठी कर. भिवानं केली. अख्ख्या पडद्यावर एकटा 'ग्रा' मावला. पुढचं 'मपंचायत' येईस्तोवर चहा पिऊन व्हायचा.

भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "अरे, लोकांच्या कामाचं तेवढंच ठेवावं. बाकीचं काढावं."

"बरं भाऊसाहेब. ध्यानात ठेवतो."

मंगळवारी भाऊसाहेबांनी वेबसाइटवर लावायला स्वतःचा नवा फोटो दिला. भिवानं दारात येईल त्याला विचारलं, हा तुमच्या कामाचा आहे का. सगळे नाही म्हणाले. भिवानं नवा लावला नाही, आणि जुना होता तोही काढला.

भाऊसाहेब तापले. फोटो लाव म्हणाले, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी खाली लिही, फोटोत काय आहे ते. संगणकात, मोबाइलात यंत्र असतं, ते वाचून दाखवतं.

"बरं भाऊसाहेब. ध्यानात ठेवतो."

बुधवारी कचेरी भरलेली. यंत्र मोठ्यानं वाचायला लागलं. एक माणूस. टक्कल आहे. पोटावरचं बटण तुटलंय. समोर फाइल आहे, डोळे मिटलेत.

"अगं बाई, हे तर आपले भाऊसाहेब," काकू म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी भिवाला आत नेलं. "माणसाला चार चांगले शब्द लिहावेत रे."

"बरं भाऊसाहेब. ध्यानात ठेवतो."

गुरुवारी शेजारणीनं काकूंचा अर्ज भरून दिला. त्यावर काकूंचा अंगठा उठवायचा राहिला होता. भिवानं अंगठ्याचं काही न लिहिता उत्तर धाडलं, आपला अर्ज फार सुंदर आहे, आपण सज्जन आहात. यंत्रानं ते वाचलं. काकू खूश होऊन घरी बसल्या.

शुक्रवारी शेजारीण भांडायला आली. भाऊसाहेबांनी अंगठा घेतला, सही केली, शिक्का मारला आणि दाखला भिवाच्या हाती दिला. वर बजावलं, "यापुढं ज्याचं त्याला नीट वाचता आल्याशिवाय इथून एक कागद बाहेर जाता कामा नये." आणि ते दोन दिवस तालुक्याला मीटिंगला गेले.

शनिवारी गाडी दारात. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. काकू आल्या. "भिवा, दे बाबा दाखला."

भिवानं दाखला त्यांच्यापुढं धरला. "वाचा."

"मेल्या, दिसत असतं तर त्या गाडीत कशाला चढले असते?"

भिवाला ते पटलं. वाईटही वाटलं. त्यानं दाखल्याची नीट घडी केली, कपाटात ठेवला, कुलूप लावलं. नियमच तसा आहे म्हणाला, वेबसाइटवर टाकलाय, मोठ्या अक्षरात.

"घाबरू नका काकू. दाखला तुमचाच आहे. आधी ऑपरेशन करून या, मग वाचून दाखवा, लगेच देतो."