फटीएवढं आभाळ

फार फार वर्षांमागची गोष्ट. तेव्हा पाखरांची बोली माणसांना कळायची, आणि माणसांचं बोलणं पाखरांना ऐकावंसं वाटायचं. यावरून गोष्ट किती जुनी असेल ते तुम्हीच ओळखा.

डोंगराच्या कुशीत एक देवराई होती. तिथली फांदी कुणी तोडत नसे, पडलेलं पानसुद्धा कुणी घरी नेत नसे. राईच्या मधोमध एका प्रचंड झाडाखाली शेंदूर माखलेला दगड होता. तो राईतला देव. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून त्याचं काही अडतही नव्हतं.

त्या झाडाला खूप उंचावर एक ढोली होती. एका धनेशानं आणि त्याच्या नव्या नवरीनं संसारासाठी तीच जागा पसंत केली. धनेश तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो. मोठं थोरलं पाखरू, भली लांब पिवळी चोच, आणि चोचीवर आणखी एक चोच पालथी घातल्यासारखं शिंगट. तो उडायला लागला की लोहाराचा भाता चालावा तसा पंखांचा आवाज येतो. बिचाऱ्याला लपूनछपून कुठं जाता येत नाही.

या पाखरांची एक रीत आहे. अंडं घालायची वेळ आली की मादी ढोलीत जाऊन बसते आणि दार लिंपून टाकते. नर बाहेरून चिखल आणून देतो, ती आतून थापते. शेवटी चोच जाईल एवढीच एक उभी फट उरते. त्या फटीतून नर तिला घास भरवतो, आणि पिल्लू वाढीला लागेपर्यंत ती आतच राहते.

आपल्या धनेशिणीची ही पहिलीच वेळ होती. आत जाण्याआधी तिनं आपल्या म्हाताऱ्या आत्याला विचारलं, "आत्या, बाहेर कधी यायचं असतं?"

"वेळ आली की कळेल."

"आणि नाही कळलं तर?"

"ज्यानं आत बसायची बुद्धी दिली, तो बाहेर यायचीही देईल. तोवर तू तुझं काम करायचं. अंडं उबेत ठेवायचं, घर झाडायचं, सकाळी देवाला हात जोडायचे. बाकीची काळजी तुझी नाही गं बाई."

पाखरांनी हात कसे जोडायचे, हे मला विचारू नका. आत्या तसंच म्हणाली. धनेशिणीला मात्र हे सगळं फार सोपं वाटलं. बाहेर उभं राहून ऐकताना सगळंच सोपं वाटतं.

दार लिंपून झालं आणि ढोलीत अंधार झाला. सकाळी फटीतून उजेडाची एक पट्टी आत यायची, हळूहळू भिंतीवरून सरकायची, अंड्याला शिवायची आणि दुपारनंतर निघून जायची. झाडाच्या पोटात कान लावला की वारा पार मुळांपर्यंत उतरल्यासारखा ऐकू यायचा. धनेशीण कधी जागी असायची, कधी झोपेत, आणि पुष्कळदा दोन्हींच्या मधे कुठंतरी तरंगत असायची. मग दुरून भाता वाजायचा. फट काळी व्हायची, आणि धनेश एकेक उंबर तिच्या चोचीत द्यायचा.

"बरी आहेस ना?"

"बरी आहे. आज बाहेर काय?"

"आज ढग आहेत. तुला आवडतात तसले, पिंजलेल्या कापसाचे."

एवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

मग एके दिवशी तिच्या पंखातलं एक पीस गळून पडलं. मागोमाग दुसरं. बघता बघता पंखांतली आणि शेपटीतली सगळी मोठी पिसं ढोलीच्या तळाशी पडली. ती घाबरली. पंख पसरून पाहिले तर नुसते खुंट. आता दार उघडं असतं तरी तिला उडता आलं नसतं. देवा, माझं काय चुकलं, असं तिनं फटीतून खाली पाहत विचारलं. तिनं ती पिसं अंड्याखाली सारली आणि रडत रडत ऊब देत बसली.

त्याच आठवड्यात डोंगरापलीकडं वणवा पेटला. फटीएवढं आभाळ आधी पिवळं झालं, मग धुरकट, मग तांबूस. उकाड्यानं ढोलीची भट्टी झाली. वणवा राईपर्यंत आला नाही, पण पलीकडची उंबरं, वड, पिंपळ सगळं जळून गेलं. धनेश सकाळी तिकडंच गेला होता. संध्याकाळी भाता वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतर कितीतरी संध्याकाळी ती कान लावून बसली आणि तशीच झोपी गेली.

शेजारच्या फांदीवर एक शेकरू राहायचा. लांब झुबकेदार शेपटीचा, तोंडाचा फटकळ, आणि ज्यात त्यात नाक खुपसणारा. एका दुपारी तो फटीपाशी आला.

"वहिनी, खोटं बोलणं मला जमत नाही. धनेशदादा काही यायचा नाही आता. पलीकडच्या उतारावर मी त्याची जळकी पिसं पाहिली. तुझ्या देवानं तुला इथं कोंडली आणि तो विसरून गेला. फोड ही भिंत आणि बाहेर ये."

"भावजी, मला पंख नाहीत."

"घसरत घसरत खाली ये. इथं उपाशी मरण्यापेक्षा ते बरं. आणि हे घे." त्यानं गालातलं एक जांभूळ फटीत सरकवलं. "माझ्या पोटाला जास्त झालं होतं. उद्या यायचा नाही मी, सांगून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी तो आला. पुन्हा तेच ऐकवलं, पुन्हा काहीतरी खाऊ घातलं आणि पुन्हा उद्या येणार नाही म्हणून बजावून गेला. त्याचा हा नेमच होऊन बसला. कधी जांभूळ, कधी अर्धा फणसाचा गरा, कधी नुसत्याच शिव्या. तेवढ्यानं पोट भरत नव्हतं, पण जीव तगून राहत होता.

तरी त्याचं बोलणं तिच्या मनात घर करून बसलं. देव विसरला असेल का? विसरला नसेल तर मग हे सगळं कशासाठी? अंडं अजून गप्प होतं. ते जगलं नाही तर या अंधाराचा उपयोग काय? एका सकाळी तिचा धीर सुटला. तिनं देवाला हात जोडले नाहीत. चोचीनं भिंत टोचायला सुरुवात केली. एक ढेकूळ पडलं, दुसरं पडलं, फट वीतभर रुंद झाली. भसकन उजेड आला. एवढ्या उजेडात तिनं स्वतःला पहिल्यांदाच नीट पाहिलं. वाळलेलं अंग, बोडके पंख. तिला स्वतःचीच दया आली. थकून तिनं डोळे मिटले.

त्या भरदुपारी तिला एक स्वप्न पडलं. ती अगदी लहान होती आणि कुणाच्या तरी मुठीत होती. बोटं घट्ट मिटलेली. ती आत धडका मारत होती, ओरडत होती, सोडा म्हणत होती. मग मुठीबाहेर वाऱ्याचा घोंघावता आवाज तिला ऐकू आला. समईची ज्योत विझू नये म्हणून बाई तिच्याभोवती हात धरते ना, तसे ते हात होते. वारा त्या बोटांवर आपटत होता आणि बोटं थरथरतसुद्धा नव्हती. ती शांत झाली. एवढंच स्वप्न.

जागी झाली तेव्हा छातीखाली काहीतरी हललं. अंड्याच्या आत टकटक होत होती.

मग तिनं वेळ घालवला नाही. पडलेली ढेकळं गोळा केली, फळांचा चिकट गर आणि तोंडातली लाळ घालून ती कालवली, आणि वाढवलेली फट पुन्हा होती तेवढी करून टाकली. काम करता करताच म्हणाली, "देवा, तुझं मला काही कळत नाही. पण हे दार तू लावायला सांगितलंस. मी लावून घेते." तिला रडू येत होतं, आणि बरंही वाटत होतं.

त्या दिवशीही उन्हाची आग पडली होती. ज्या उन्हाला ती रोज बोल लावायची, त्याच उन्हानं संध्याकाळच्या आत ओलं लिंपण वाळून दगड झालं.

दुसऱ्या दिवशी पिल्लू बाहेर आलं, आणि त्याच दिवशी खोडावर नख्यांचा खरखर आवाज झाला. तो शेकरू नव्हता. वणव्यातून पळून आलेली एक उपाशी घोरपड झाड चढून येत होती. तिनं फटीत जीभ घातली. पिल्लाचा वास तिला लागला. मग तिनं नख्यांनी भिंत ओरबाडायला घेतली. धनेशीण पिल्लावर अंग टाकून बसली होती आणि एकेक ओरखडा मोजत असल्यासारखी ऐकत होती. नेमकं ताज्या लिंपणावरच घोरपडीनं सगळा जोर लावला. थोडी माती झडली. भिंत हलली नाही. बऱ्याच वेळानं ती फुसकारत खाली उतरून गेली.

शेकरूनं फांदीवरून सगळं पाहिलं होतं, तो धावतच आला. "वहिनी, मी म्हटलं तशी तू भिंत फोडली असतीस तर?"

"फोडली होती भावजी. वीतभर. मग पुन्हा लिंपली."

शेकरूनं गालातली दोन जांभळं फटीत सरकवली. "एक पोराचं आहे," तो म्हणाला.

"देवानंच तुम्हाला पाठवलं."

"छे, मला कुणी पाठवलंबिठवलं नाही. मी आपला असाच आलो. आणि उद्या यायचा नाही."

दिवस गेले. पिल्लाला कोंब फुटावेत तशी पिसं फुटली, आणि एका सकाळी धनेशिणीच्या लक्षात आलं की आपल्याही पंखांच्या खुंटांतून काळी टोकं डोकावताहेत. त्याच संध्याकाळी दुरून भाता वाजला. आवाज थोडा लंगडा होता, पण तोच होता. फट काळी झाली.

"उशीर झाला," धनेश म्हणाला.

तिनं नुसती चोच पुढं केली.

उंबरं भरवून झाल्यावर त्यानं सांगितलं. आगीत त्याचे पंख पोळले होते. पलीकडच्या दरीत, ओढ्याकाठच्या जाळीत तो पडून राहिला होता. जमिनीवर सांडेल ते खायचं आणि नव्या पिसांची वाट पाहायची. "रोज संध्याकाळी इकडं तोंड करून बसायचो," तो म्हणाला. "देवाला म्हणायचो, मला जाता येत नाही, तर दुसऱ्या कुणाला तरी धाड."

धनेशिणीनं शेजारच्या फांदीकडं पाहिलं. शेकरू पाठमोरा बसून उगाचच शेपूट विंचरत होता.

मग ती वेळ आली, आणि आत्या म्हणाली होती तसं तिला कळलं. पंख पुरते भरले होते, पिल्लू मोठं झालं होतं, ढोलीत दोघांना जागा पुरेना. तिनं चोचीनं भिंत फोडली, काठावर येऊन बसली आणि उडाली. सबंध आभाळ पाहून तिला भोवळ आली. तिनं राईवर एक फेरी घातली आणि खाली देवासमोर उतरली. किती वेळ बसली, कोण जाणे.

शेकरू तेवढ्यात सवयीनं ढोलीपाशी गेला. गालात जांभूळ होतं. पाहतो तर काय, आतलं पिल्लू एकटंच खाली पडलेली ढेकळं उचलून फुटलेलं दार आतून लिंपत होतं. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बाहेर एवढा उजेड होता आणि ते शांतपणे अंधार करून घेत होतं.

"अरे पोरा, तुझी आई सुटली आणि तू कोंडून घेतोस? भीती नाही वाटत?"

चोच जाईल एवढी फट ठेवून पिल्लानं काम थांबवलं. मग एक कोवळी पिवळी चोच फटीतून बाहेर आली आणि उघडली.

"काका, आज काय आणलंत?"

शेकरूनं जांभूळ भरवलं. मग खाली देवाकडं पाहून तो हळूच म्हणाला, "म्हणजे मला पाठवलंच होतंस तर." आणि पिल्लाला म्हणाला, "उद्या येतो रे."

बाळांनो आणि बाळांच्या आईबापांनो, या गोष्टीचं सांगणं एवढंच: कठीण काळात देवानं नेमून दिलेली जागा आणि काम सोडू नये, त्याची मदत येतेच, आणि ज्याच्या हातून येते त्यालाही ते पुष्कळदा ठाऊक नसतं.