घासलेली पट्टी

"मग चुकतंय कुठं, वस्ताद?"

अनुजा शिरसाटने पिशवीतून, टाकीत टांगून झीज मोजायची पोलादाची चकचकीत पट्टी काढून दस्तगीर मुल्लांपुढे ठेवली. साखर कारखान्याचे बॉयलर सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला होता. तिचे पहिले धडेही त्यांच्याच हाताखालचे. पुढे ती परदेशी शिकून आली आणि आठ वर्षं त्यांची पायरी चढली नाही.

आज मात्र नाक मुठीत धरून आली होती.

तिच्या प्लांटमध्ये धुरातला कार्बन डायऑक्साइड गरम द्रावणात पकडतात. टाक्या साध्या पोलादाच्या, कारण स्टेनलेस परवडत नाही. द्रावण ते पोलाद खातं. दोन टाक्या गेल्या होत्या. तिसरी गेली की प्लांट बंद, आणि साध्या पोलादावर भागेल ही तिची जिद्दही तिथंच संपणार होती.

"काय काय केलंस?"

"काय नाही केलं? द्रावण बदललं, तापमान बदललं. दर महिन्याला टाकी उघडून आम्लाने धुते. आत राखाडी थर धरतो ना, तो खरवडून काढते. पट्टी तर स्वतः घासते. कणभर डाग ठेवत नाही."

"कणभरबी न्हाई?"

"नाही." मान ताठ होती, पण आवाज पार दमलेला.

वस्ताद उठले. न्हाणीतली टाचा घासायची वज्री आणून त्यांनी तिच्या हातात दिली आणि आपला तळहात पुढे केला. चाळीस वर्षं भट्टीत चिपाडं ढकलून त्यावर घट्टे पडले होते.

"घास."

"वस्ताद, काहीतरीच काय..."

"घास. चकचकीत कर."

तिने दोनदा वज्री फिरवली आणि थांबली.

"नको. घट्टे गेले तर उद्या फावडं धरताना हात सोलून निघेल तुमचा."

वस्तादांनी तळहात तसाच पुढे धरला.

ती हाताकडे बघत राहिली. मग पट्टीकडे... मग पुन्हा हाताकडे. आपणच दर महिन्याला काय खरवडून काढत होतो, ते कळलं तशी तिने वज्री मुठीत आवळली.

"म्हणजे तो थर... राहू द्यायचा?"

"हं."

"आणि तो नीट धरेपर्यंत पोलाद खाल्लं जाईल, त्याचं काय?"

"जाईल की थोडं."

"तोवर मी काय करू?"

वस्तादांनी तिच्या मुठीतून वज्री हळूच सोडवून घेतली.

"हात आवर, पोरी. तेवढंच तुला कधी जमलं न्हाई."